हद्दीवरचा बाजार आणि आमचे प्रवासी

प्रवासवर्णनाच्या नावाखाली हल्ली जे लिहिले आणि बोलले जाते, त्याविषयी तक्रार करण्याचे मी बरेच दिवस मनावर घेतले नव्हते. लोक परदेशी जातात, छायाचित्रे काढतात, परत आल्यावर चार मंडळी जमवून ती दाखवितात. यात कोणाचे काही नुकसान होते असे मला वाटत नसे. परंतु काही महिन्यांमागे अशा एका व्याख्यानास बसण्याचा योग आला आणि तेथे उच्चारले गेलेले एक वाक्य अद्याप डोक्यातून जात नाही; म्हणून हा लेखनप्रपंच.

व्याख्याते सुविद्य होते, बोलणे गोड होते. इराणच्या पश्चिम कडेला, इराकच्या सरहद्दीलगत, कुर्दांच्या डोंगराळ मुलखात बाने नावाचे बाजारपेठेचे गाव आहे. तेथे ते राहून आले होते. पडद्यावर एकामागून एक चित्रे येऊ लागली. मागे बर्फाचे डोंगर, पुढे दुकानांच्या रांगा, दुकानांतून शीतकपाटे, दूरदर्शनचे संच, चहाची भांडी, कापडाचे तागे. ढगळ विजारी घातलेले, कमरेला लांबच लांब पट्टा गुंडाळलेले पुरुष. तेहरानसारख्या शहरांतून लोक सुट्टीच्या दिवशी इतक्या दूर येतात आणि घरचे सामान खरेदी करून नेतात, कारण हद्दीपलीकडून आलेला माल येथे स्वस्त मिळतो. एका दुकानाची पावती त्यांनी मोठी करून दाखविली आणि तिच्यावरील महिन्याचे नाव वाचले : बहमन. सभागृहात थोडे हसू पिकले. मग एक चित्र आले, त्यात एक माणूस पाठीवर स्वतःहून मोठे खोके बांधून बर्फातून वाकून चालला होता. याला कोलबर म्हणतात, असे व्याख्यात्यांनी सांगितले. कोल म्हणजे पाठ, आणि बर म्हणजे वाहणारा. तो हद्दीपलीकडून माल पाठीवर आणतो, त्याबद्दल थोडी मजुरी घेतो, पहाऱ्यावरील शिपायांच्या गोळीला कधी बळी पडतो, कधी कड्यावरून घसरतो. २०१९ च्या डिसेंबरात मरीवानच्या बाजूस असे दोन तरुण भाऊ थंडीने गोठून मेले, हेही त्यांनी सांगितले, आणि ते खरे आहे. श्रोत्यांनी सुस्कारा सोडला.

आणि त्या सुस्काऱ्यावर व्याख्यात्यांनी ते वाक्य ठेवले : “आपले भाग्य थोर, की आपल्या महाराष्ट्राने असली सरहद्द कधी पाहिलीच नाही.”

टाळ्या झाल्या. चहा आला. एका बाईंनी शीतकपाटाची किंमत रुपयांत विचारली. मी कोणाचा उपहास करीत आहे असे वाचकांनी समजू नये, कारण त्या वाक्यावर मीही मान डोलाविली होती. जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीवरून कामानिमित्त मी पूर्वी किती वेळा गेलो असेन याची मोजदाद नाही, आणि तरीही मी मान डोलाविली. घरी परतताना अर्ध्या वाटेवर मला त्या गावाची आठवण झाली आणि स्वतःचीच लाज वाटली.

टेंभुर्णी म्हटले की पुण्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढे सोलापूरच्या वाटेवरील टेंभुर्णी येते. ती निराळी. ज्या झाडाच्या पानांच्या विड्या वळतात त्या झाडाच्या नावाची गावे आपल्या मुलखात पुष्कळ आहेत. मी म्हणतो ती टेंभुर्णी जाफराबाद तालुक्यातली, अजिंठ्याच्या रांगेच्या दक्षिणेस पसरलेल्या पठारावरची. डोंगर तेथे नाही, बर्फ तर नाहीच. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ती अगदीच सपाट आहे. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, मका, मिरची, आणि अलीकडे बियाण्याच्या पिकांवर घातलेल्या जाळ्यांचे मांडव. येथून पूर्वेस काही कोस गेले की जालना जिल्हा संपून बुलढाणा जिल्हा लागतो आणि बालाजीचे देऊळगाव राजा येते. आज ही दोन जिल्ह्यांची हद्द आहे. मोटारीतल्या माणसाला रस्त्याकडेच्या पाटीपलीकडे तिची जाणीव होत नाही. परंतु १८५३ पासून १९४८ पर्यंत, म्हणजे पंचाण्णव वर्षे, ही दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे निजामाची हैदराबाद रियासत होती, पलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालील वऱ्हाड.

ही हद्द कशी पडली हे आमच्या मुलांना शिकविले जात नाही, म्हणून चार ओळी खर्चितो. १८०३ पूर्वी वऱ्हाडात दुअंमल होता. निजाम आणि नागपूरकर भोसले हे दोघेही त्याच रयतेकडून वसूल घेत. त्या वर्षी सप्टेंबरात, येथून जवळच असईस, शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा वेलस्लीने पराभव केला, आणि डिसेंबरातील देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड एकट्या निजामाकडे गेला. तेव्हा टेंभुर्णी आणि देऊळगाव एकाच अमलाखाली आली. पन्नास वर्षांनी, १८५३ साली, निजामाच्या नावाने उभ्या केलेल्या, पण इंग्रजांच्याच हुकमतीखाली असलेल्या फौजेचा खर्च थकला, आणि त्या कर्जापोटी इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. १९०२ साली कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या खंडावर तो कायमचा घेतला व पुढल्या वर्षी मध्यप्रांताला जोडून टाकला. या सगळ्या व्यवहारात टेंभुर्णीच्या किंवा देऊळगावच्या एकाही माणसाला कोणी काही विचारले नव्हते. १६३९ साली झुहाब येथे तुर्कांच्या व इराणच्या बादशहांनी कुर्दांचा मुलूख वाटून घेतला, तेव्हा कुर्दांना कोणी विचारले होते? पुढे १९२३ साली लोझानच्या तहातही तेच झाले. त्यांची रेघ अजून उभी आहे आणि आपली पुसली गेली, हा फरक आहे खरा. पण आपल्याकडे ती नव्हतीच असे म्हणणे निराळे.

यावर आमचे व्याख्याते म्हणतील, आणि त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार झाला त्यात त्यांनी जवळजवळ असेच म्हटले, की संस्थानाची हद्द ती काय हद्द! दोन्ही बाजूंना एकच भाषा, एकच देव, एकच सार्वभौम इंग्रज. तिची तुलना दोन राष्ट्रांच्या सरहद्दीशी करणे म्हणजे अतिशयोक्ती होय.

ही अतिशयोक्ती नाही, आणि पुरावा कोणाच्याही घरच्या जुन्या कागदांत सापडेल. प्रथम नाणे घ्या. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे निजामाचा हाली सिक्का. सहा कलदारांना सात हाली, हा सर्वसाधारण भाव. देऊळगावच्या बाजारात बैल विकून आलेल्या शेतकऱ्याला घरी पोहोचण्यापूर्वी त्रैराशिक करावे लागे. मग जकात. निजामाच्या जकातखात्याला करोडगिरी म्हणत, आणि १८०२ च्या व्यापारी तहापासून मालावर शेकडा पाच हा दर रूढ झाला होता. पुढे दप्तर : पलीकडे कचेरीत मराठी चाले, अलीकडे उर्दू. मराठी पोराने वरच्या शिक्षणाची आशा धरायची तर उर्दूतून. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ त्याच भाषेत शिकवी. आज इराणात कुर्द मुलाची शाळा फारसीत भरते, याबद्दल त्या सभागृहात हळहळ व्यक्त झाली होती. सभेची गोष्ट तर विचारूच नका. पलीकडे निदान गणेशोत्सवात व्याख्यान देता येई. अलीकडे ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ नावाचे फर्मान होते, त्यामुळे परवानगीवाचून चार माणसांपुढे बोलणे हा गुन्हा ठरे.

आणि कालगणना. निजामाच्या राज्यात फसली सन चाले. पलीकडे १९४८ साल लागले तेव्हा अलीकडे १३५७ फसली चालू होते. त्याचे महिने होते आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी. ज्या ‘बहमन’ला सभागृह हसले, तो हाच. इराणातल्या ऋतूंशी त्याचा मेळ थोडा सरकलेला होता, पण नाव तेच. एकाच घरातील दोन भाऊ, एक हद्दीच्या अलीकडे व एक पलीकडे नांदत असले, तर बापाच्या मृत्यूची तारीख दोन निराळ्या सनांत लिहीत. यापेक्षा अधिक सरहद्द ती कशी असावी, हे मला कोणी समजावून द्यावे.

हे सगळे पुस्तकांत मिळते. जे पुस्तकांत मिळत नाही त्यासाठी मी गेल्या हिवाळ्यात बाजाराचा दिवस साधून टेंभुर्णीस गेलो. आठवड्याचा बाजार महाराष्ट्रात कोठेही भरतो तसाच येथे भरतो. जमिनीवर अंथरलेल्या पालांवर कापडे, पत्र्याच्या पेट्या, विळे-खुरपी, चपला, लाल मिरचीचे ढीग, त्यांचा घशाला लागणारा खकाणा. एक गोष्ट मात्र लक्षात आली. कोण कोठून आले आहे हे विचारत गेलो, तेव्हा पाल मांडणाऱ्यांत वऱ्हाडकडची माणसे बरीच निघाली. एक कापडवाला म्हणाला, आमचा आजाही याच बाजाराला यायचा. मी विचारले, तेव्हा तर येथे दुसरे राज्य होते ना? तो हसून म्हणाला, “म्हून तर यायचा!”

या तीन शब्दांत जे अर्थशास्त्र आहे ते शिकवावयास मला वर्गात एक सत्र लागते. मालाच्या किमतीत हद्दीने पाडलेला फरक हेच हद्दीवरच्या बाजाराचे भांडवल. बान्याची दुकाने इराणची जकात व निर्बंध यांच्यावर उभी आहेत; ते उठले तर तेहरानचा गृहस्थ शीतकपाटासाठी तेवढे डोंगर चढणार नाही. टेंभुर्णीच्या कापडवाल्याचा आजा ज्याच्यासाठी चालत येई तो फरकही हद्दीनेच निर्माण केला होता. आमचे प्रवासी अशा गावांना ‘काळाने विसरलेली’ म्हणतात आणि तेथील माणसांना भोळीभाबडी ठरवितात. ज्याला दोन नाण्यांचा भाव, दोन राज्यांची जकात, दोन पहाऱ्यांची वेळ आणि दोन कालगणना तोंडपाठ ठेवाव्या लागतात, तो माणूस भोळा कसा राहील? पुण्या-मुंबईच्या माणसाला यातले एकही करावे लागले नाही. भोळे कोणाला म्हणावयाचेच झाले तर आपल्यालाच म्हणावे लागेल.

बाजाराच्या कडेला एका हॉटेलात एका स्नेह्यांनी माझी गाठ एका वृद्ध गृहस्थांशी घालून दिली. वय नव्वदीच्या घरात, कानाला थोडे कमी, परंतु बोलणे स्वच्छ. मी आधी त्यांना फसली महिने विचारले. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि आम्ही चैत्र-वैशाख म्हणतो त्या चालीवर बाराच्या बारा महिने म्हणून दाखविले. “शाळंत मार खाऊन पाठ केलेत, सर. आता कुणी इचारीत नाही.”

मग हळूहळू बाकीचे आले. महायुद्धाच्या काळात सरकारची लेव्ही होती. पिकलेली ज्वारी ठरल्या भावाने सरकारला घालावी लागे आणि हद्दीबाहेर धान्य नेण्यास मनाई होती. देऊळगावकडे भाव चढे. पुढे १९४८ साली हिंदी संघराज्याने हैदराबादची नाकेबंदी केली, तेव्हा उलट अलीकडे मीठ, रॉकेल आणि कापड यांची टंचाई झाली. हैदराबादला समुद्र नाही, मीठ बाहेरूनच यावयाचे. हे गृहस्थ त्या वेळी अकरा-बारा वर्षांचे. थोरल्या भावाबरोबर रात्री निघावयाचे, डोक्यावर आठ-दहा शेर ज्वारी. उजाडण्यापूर्वी मीठ आणि रॉकेलची बाटली घेऊन परत. किती वेळा गेलात, असे मी विचारले. “मोजलं कुणी? घरात मीठ सरलं की जायचं.”

“हद्द कळायची कशी, बाबा? रात्रीच्या वेळी?”

“हद्द काय डोळ्याला दिसती का, सर? शिपाई दिसला की समजायचं, हद्द आली.”

एकदा ते दोघे पकडले गेले. भावाला नाक्यावर नेऊन बांधून घातले, मारले, ज्वारी ठेवून घेतली. या मुलाला मात्र नाक्यावरच्या एका म्हाताऱ्या मुसलमान शिपायाने हाकलून दिले आणि जाता जाता मिठाची पुडी त्याच्या बगलेतच राहू दिली. हे सांगताना ते थांबले. नंतर म्हणाले, “ज्वारी मपल्या वावरातली. मीठ मपल्या पैशाचं. मंग चोरी कशाची केली, ते सांगा तुम्ही. तुम्ही शिकलेले.”

मला उत्तर देता आले नाही. अद्यापही देता आलेले नाही. माझ्या वादाचे मूळ हे एवढेच आहे.

कारण त्याच वाटेने, त्याच रात्री, आणखी काही माणसे ये-जा करीत होती. ऑगस्ट १९४७ नंतर निजामाने संघराज्यात येण्याचे नाकारले, रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला, आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या लढ्यातील कार्यकर्त्यांनी हद्दीपलीकडे छावण्या घातल्या. तेथून आत येऊन ते करोडगिरीचे नाके जाळीत. त्यांचे धैर्य मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. त्यांच्यामुळे आज मी मराठीतून शिकवितो. परंतु पाहा, ज्या नाक्यापुढून मीठ चोरून नेणे हा १९४५ साली गुन्हा होता, तो नाका जाळणे हे १९४८ साली देशकार्य झाले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी फौजा आत शिरल्या, १७ तारखेस निजाम शरण आला, आणि त्या पाच दिवसांत एका माणसाचे नाव चोरांच्या यादीतून वीरांच्या यादीत गेले, दुसऱ्याचे मात्र कोणत्याच यादीत राहिले नाही. पुढे छावण्यांत असलेल्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळाला, निवृत्तिवेतन मिळाले, आणि ते योग्यच झाले. माझ्यापुढे बसलेल्या गृहस्थांनी कधी अर्ज केला नाही. का, असे विचारता म्हणाले, “आम्ही काय देशासाठी केलं होतं का? मिठासाठी केलं.”

आता मला आमच्या व्याख्यात्यांना एक प्रश्न विचारावयाचा आहे. बान्याच्या त्या कोलबराच्या चित्रावर तुम्ही ज्या कळवळ्याने बोललात, तो कळवळा याच बाबांसाठी तुमच्या तोंडून निघाला असता काय? मला शंका आहे. तुम्ही त्यांना ‘चोरटा व्यापार करणारे’ म्हणाला असता, किंवा अधिक शक्य म्हणजे त्यांच्याशी बोललाच नसता. दूरचा ओझेवाला आपल्याला शोकपर्यवसायी नायक दिसतो, कारण त्याने चुकविलेली जकात आपल्या तिजोरीतली नसते. २०११ च्या डिसेंबरात तुर्की विमानांनी इराकच्या हद्दीवर रोबोस्कीचे चौतीस गावकरी मारले. त्यांत बरीचशी पोरे होती, आणि ती इंधन व सिगारेटी घेऊन खेचरांबरोबर येत होती. ही बातमी आमच्या वर्तमानपत्रांत आली तेव्हा मीही हळहळलो. त्याच वर्षी मी टेंभुर्णीवरून किती वेळा गेलो असेन!

दुसरा एक आक्षेप येईल, तो अधिक गंभीर आहे. मुक्तिसंग्रामाचा इतिहास मराठवाड्यात लिहिला गेला आहे, दर १७ सप्टेंबरास झेंडा लागतो. मग विस्मरण कोठे आहे? उत्तर असे की लिहिला गेला तो लढ्याचा इतिहास, हद्दीचा नव्हे. लढ्याला आरंभ आणि शेवट असतो, शत्रू व मित्र असतात, आणि म्हणून तो लिहावयास सोपा जातो. हद्दीच्या गोष्टीत मिठाची पुडी बगलेत राहू देणारा नाक्यावरचा शिपाई येतो, आणि त्याचे काय करावे हे आपल्याला समजत नाही. पाच दिवसांच्या कारवाईनंतर उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान वस्तीवर जे ओढवले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाअखेर केली, आणि तो अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध होऊ दिला नाही. त्या शिपायाचे पुढे काय झाले, हे मी बाबांना विचारले. त्यांनी हात हलविला आणि दुसऱ्या चहाला सांगितले.

हद्द पुसली गेली असे मी वर म्हटले, ते तरी पूर्ण खरे आहे काय? हाली सिक्का आणि जकातनाके १९४८ नंतरही काही वर्षे रेंगाळले. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा व वऱ्हाड एका राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९८१ च्या मे महिन्यात जालना जिल्हा वेगळा निघाला. कागदावर आता येथे फक्त दोन जिल्ह्यांची शीव उरली. परंतु दप्तरे दोन राज्यांची होती ती दोनच राहिली. वऱ्हाडच्या इंग्रजी अमलात ज्या शेतकरी कुळांची नोंद पुष्कळदा ‘कुणबी’ अशी झाली, त्यांच्याच सोयऱ्यांची नोंद निजामी दप्तरात निराळी, किंवा सापडावयास कठीण. गेली काही वर्षे याच जालना जिल्ह्यातून उठलेल्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने महाराष्ट्र ढवळून निघाला. २०२३ साली निजामकालीन नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमावी लागली, आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारला हैदराबाद गॅझेटियर प्रमाण धरण्याचा निर्णय काढावा लागला. त्या वादात कोणाची बाजू न्याय्य हे ठरविणे माझे येथे काम नाही. मी एवढेच दाखवितो, की मामाच्या घरी एक दाखला आणि भाच्याच्या घरी दुसरा, अशी आज जी स्थिती आहे ती फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ साली ओढलेल्या रेघेची करणी आहे. आणि ही रेघ समजावून सांगणारे मराठी पुस्तक मागणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती मी काय ठेवू? आमच्या ग्रंथालयात युरोपच्या प्रवासवर्णनांचे एक कपाट भरलेले आहे.

परदेशी जाऊ नये असे मी म्हणत नाही. बाने मी पाहिलेले नाही, आणि पाहावयास मिळाले तर आनंदाने जाईन. तेथे बाजार, दुकान, तराजू, हमाल हे शब्द मला दुभाष्यावाचून कळतील. कोलबराच्या पाठीवरचा ‘बार’ आमच्या आडत्यांच्या ‘बारदान्या’त रोज ऐकू येतो. उलट मी म्हणतो की जो टेंभुर्णीस डोळे उघडे ठेवून गेला, त्यालाच बाने दिसेल. आमच्या व्याख्यात्यांना तेथे दिसले ते बर्फ आणि पोशाख. बहमन हे नाव त्यांच्या आजोबांच्या पिढीतील लाखो मराठी माणसांनी सारा भरताना, खत लिहिताना, शाळेत मार खाताना उच्चारलेले होते. हे त्यांना माहीत असते तर पावती दाखविताना ते हसले नसते, आणि कदाचित त्या दुकानदाराला त्यांनी एखादा खरा प्रश्न विचारला असता. पाठीवरचे खोके कोणाच्या घरात जाते, मजुरी कोण ठरवितो, पहारेकरी कोणाचे किती घेतात, हद्द उठली तर तुम्ही काय कराल, यांपैकी एकही प्रश्न त्या तासाभराच्या व्याख्यानात नव्हता.

व्याख्यात्यांनी पत्राच्या शेवटी लिहिले होते, की म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी हा काही पुरावा नव्हे. इतिहासाच्या प्राध्यापकाला हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. आठवणी चुकतात, फुगतात, एकमेकांत मिसळतात. म्हणूनच त्या पुष्कळ लोकांकडून घ्याव्या लागतात व दप्तराशी ताडून पाहाव्या लागतात. दप्तर थांबेल. ते उर्दूत व मोडीत आहे, वाळवीने खाल्ले नाही तर आणखी पन्नास वर्षांनीही कोणी वाचील. माणसे थांबणार नाहीत. १९४८ साली जो दहा वर्षांचा होता तो आज सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा आहे. टेंभुर्णी आणि आसपासच्या गावांत त्या वाटेने चाललेल्या तिघांची नावे मला मिळाली होती. दोघांचे बोलणे मी लिहून घेतले आहे. तिसऱ्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा दारात मांडव होता. चार दिवसांमागे ते वारले होते. त्यांच्या सुनेने पाणी दिले आणि सांगितले, की मामंजी मिठाची काही तरी गोष्ट पोरांना सांगत असत, पण पोरे ऐकत नसत.

देऊळगावच्या बाजूची दोन-तीन नावे आता हाती आली आहेत. पुढल्या महिन्यात मी पुन्हा जाणार आहे. आमच्या व्याख्यात्यांनी त्यांचा कॅमेरा घेऊन बरोबर यावे, असे मी त्यांना लिहिले आहे; उत्तर अजून आलेले नाही.